परभणीचा मोंढा आणि मुंबईचा वायदा

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव सुरू होतो, तेव्हा त्या दिवसाचा भाव बराचसा आधीच ठरून आलेला असतो. शिकागोच्या बाजारात आदल्या रात्री सोयाबीन किती हलले, मलेशियात पामतेल कुठे बंद झाले, रुपया किती घसरला, लातूर-इंदूरच्या प्लांटांनी सकाळी काय खरेदीदर काढला, हे सगळे खरेदीदाराच्या मोबाइलवर येऊन पडलेले असते. ढीग ओतून समोर उभा असलेला जिंतूरचा किंवा पालमचा शेतकरीही आता मोबाइलवर भाव बघूनच गाडी भरतो. पण २० डिसेंबर २०२१ रोजी एक आकडा दोघांच्याही मोबाइलवरून पुसला गेला. येत्या दोन-चार महिन्यांत सोयाबीन काय भावाने जाईल, याचा देशातल्या देशात होणारा सौदा त्या दिवशी थांबला. सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, बिगर-बासमती भात, मूग आणि कच्चे पामतेल या सात मालांचे वायदे सेबीने स्थगित केले. आदेश एका वर्षाचा होता. पुढे तो वाढत गेला आणि २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत नेला गेला.

वित्तीय बाजार म्हटले की मुंबईचा दलाल स्ट्रीट आठवतो आणि परभणीसारख्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटून जाते. संबंध रोजचा आहे. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या नऊ तालुक्यांत खरिपाला सोयाबीन, कापूस, तूर आणि रब्बीला हरभरा, ज्वारी घेतली जाते. यातल्या सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा या चारही मालांचा वायदा देशात कधी ना कधी चालला आहे आणि कधी ना कधी बंदही पडला आहे. पीककर्ज बँकेचे, ठेव पतसंस्थेत, पिकाचा विमा कंपनीकडे, आणि घरातल्या तरुण मुलाचे डीमॅट खाते त्याच्या खिशात. बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर, शेअर आणि वायद्यांवर सेबीची, विम्यावर विमा नियामकाची, पतसंस्थेवर सहकार खात्याची, मोंढ्यावर बाजार समितीची, गोदामांवर वखार नियामक प्राधिकरणाची.

पहारेकरी पुष्कळ आहेत. त्यांचा आजवरचा कारभार पाहिला तर एक गोष्ट परत परत दिसते. भाव चढला की बाजार बंद करायला आपल्याकडे वेळ लागत नाही. गोदामात माल खरोखर आहे का, ठेवीचा पैसा कुठे गुंतला आहे, कर्जाच्या कागदावरची सही कोणाची आहे, हे बघायला मात्र उशीर होतो. परभणीच्या माणसाचे मोठे नुकसान झाले आहे ते या उशिराने.

आधी वायद्याचे समजून घेऊ. जूनमध्ये पेरणी होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात माल मोंढ्यात येतो. मधल्या काळात भाव कुठे जाईल, याची धास्ती शेतकऱ्याला असते तशी तेल काढणाऱ्या प्लांटलाही असते. शेतकऱ्याला भाव पडण्याची, प्लांटला चढण्याची. समजा जूनमध्ये नोव्हेंबरचा वायदा क्विंटलला ५,००० रुपये चालू आहे आणि शेतकऱ्यांच्या एखाद्या कंपनीने त्या भावाने माल विकून ठेवला. नोव्हेंबरात भाव ४,२०० वर आला तर मोंढ्यात ८०० कमी मिळतील, पण वायद्यात तेवढेच सुटतील. भाव ५,८०० झाला तर मोंढ्यात ८०० जास्त मिळतील आणि वायद्यात तेवढेच जातील. दोन्ही वेळा हाती पाच हजारच पडतात, आणि नेमके तेच हवे असते. या व्यवहारात दोन्ही बाजूंना मार्जिन, म्हणजे अनामत, भरावी लागते. रोज संध्याकाळच्या भावाने नफा-तोट्याचा हिशोब होऊन पैसे इकडून तिकडे जातात, त्यामुळे एखाद्याने शेवटच्या दिवशी हात वर करण्याची भीती कमी होते. माल द्यायचाच झाला तर तो एक्स्चेंजने मान्य केलेल्या गोदामात, ओलावा आणि मातेरे तपासून द्यावा लागतो.

एकरी सात-आठ क्विंटल पिकवणारा दोन-तीन एकरांचा शेतकरी स्वतः वायदा करत नाही, करूही शकत नाही. त्याच्या नावाने तो करायचा तर शेतकरी उत्पादक कंपनीच हवी. वायदेबाजार शेतकऱ्याचा नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हाच आहे आणि तो खोटा नाही. पण वायद्यात पाऊलही न टाकणाऱ्याला त्यातून एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे पुढच्या भावाचा अंदाज. जानेवारीचा वायदा ऑक्टोबरच्या हजर भावापेक्षा वर असेल तर माल घरात किंवा वखारीत ठेवण्यात अर्थ असतो. खाली असेल तर दिवाळीआधी विकलेला बरा. हा आकडा नसला तरी व्यापाऱ्याकडे त्याचे अंदाज असतातच. शेतकऱ्याकडे उरतात त्या ऐकीव गोष्टी.

मराठवाड्याच्या या पट्ट्यात बाजाराला शिस्त लागली ती कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाच्या त्या पैशावर समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर भडकले. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातले सर्वांत मोठे नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्या राखेतूनच १८७५ मध्ये दलालांची संघटना उभी राहिली, जी पुढे मुंबई शेअर बाजार झाली. त्याच वर्षी कापूस व्यापाऱ्यांची बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनही स्थापन झाली आणि देशात संघटित वायद्यांना सुरुवात झाली.

इकडे वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे धावू लागली, तसा सेलू-मानवतचा कापूसही दूरच्या गिरण्यांच्या टप्प्यात आला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये शेतमाल बाजारांचा कायदा केला. वजनमापे एकसारखी असावीत, रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे बंद व्हावेत आणि बोली सगळ्यांसमोर लागावी, असा या सगळ्या कायद्यांचा साधा आग्रह होता. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा याच वाटेवरचा. भाव किती असावा हे यातला एकही कायदा सांगत नव्हता. काटा खरा आहे की नाही, एवढेच पाहत होता. नियमनाचा सर्वांत शहाणा काळ तोच होता, असे म्हणायला जागा आहे.

स्वातंत्र्यानंतर भूमिका बदलली. १९५२ मध्ये वायदा करारांचा कायदा आला, १९५३ मध्ये वायदेबाजार आयोग नेमला गेला, पण टंचाईच्या दिवसांत वायदा म्हणजे साठेबाजी हे समीकरण घट्ट झाले आणि १९६६ मध्ये कापसाचे वायदे बंद पडले. त्या काळी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसभावांच्या उघडत्या आणि बंद आकड्यांवर पैसे लावले जात. तारेने येणारे ते आकडे १९६१ मध्ये थांबले आणि जुगाराने मटक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. वायद्याला आपल्या समाजात सट्ट्याचा वास का येतो, याचे एक उत्तर इथे आहे.

१९७२ पासून महाराष्ट्राने त्याहून मोठे पाऊल उचलले. कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, असे ठरले. हेतू चांगला होता आणि पहिल्या काही वर्षांत आधारही मिळाला. पण बाहेर भाव जास्त असला की कापूस रातोरात राज्याची सीमा ओलांडू लागला आणि चुकाऱ्यासाठी शेतकरी ताटकळू लागला. शेतकरी संघटनेने १९८४ मध्ये परभणीत अधिवेशन भरवले, त्या काळात रास्त भावाची लढाई या भागातल्या गावागावांत पोहोचली होती. संघटनेचे नेते शरद जोशी पुढे उघडपणे वायदेबाजाराच्या बाजूने बोलत राहिले. शेतकऱ्याला बाजारापासून वाचवण्याऐवजी बाजारात उभे राहू द्या, हा त्यांनी धरून ठेवलेला धागा. २००२ च्या आसपास एकाधिकार सैल झाला आणि २००३ मध्ये एनसीडीईएक्स आणि एमसीएक्स ही राष्ट्रीय वायदा एक्स्चेंज सुरू झाली.

शेअर बाजारात दरम्यान दुसरेच नाटक घडून गेले होते. सेबीची स्थापना १२ एप्रिल १९८८ रोजी झाली, पण तिच्या हाती कायद्याचा अधिकार नव्हता. तो १९९२ मध्ये मिळाला, आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने हर्षद मेहता प्रकरण उघडकीला आले. त्याचा गाभा शेअरच्या भावात नव्हता. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकल्याच्या पावत्या देत होत्या, आणि काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. अशा पावत्या ज्या बँकांनी दिल्या त्यांत साताऱ्याकडची बँक ऑफ कराड होती. कराडच्या ठेवीदारांची बँक मुंबईतल्या व्यवहारांपायी बुडाली. भानगड सुमारे ४,००० कोटी रुपयांची होती. पावतीमागे वस्तू आहे का, हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर एवढे झाले नसते.

त्यानंतर मात्र खरे काम झाले. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा पडद्यावरचा व्यवहार सुरू झाला, १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि शेअरचा कागद जाऊन डीमॅट नोंद आली. खोटी शेअर प्रमाणपत्रे, न जुळणाऱ्या सह्या, टपालात हरवलेले कागद हे सगळे काही वर्षांत संपले. हे करताना सेबीने एकाही शेअरचा भाव बांधला नाही. वस्तू आहे आणि ती कोणाची आहे, एवढे पक्के केले. आज गंगाखेडचा एखादा शिक्षक पन्नास शेअर घेतो तेव्हा ते खरे आहेत का, याची शंकाही त्याच्या मनात येत नाही.

शेतमालाच्या बाजूला हेच काम राहून गेले आणि त्याची किंमत २०१३ मध्ये कळली. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर गोदामातला माल विकत घेऊन पुढे ठरलेल्या नफ्याने परत विकण्याचे जोडसौदे चालत. ३१ जुलै २०१३ ला ते थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. पैसे होते जवळपास तेरा हजार गुंतवणूकदारांचे. पावत्या होत्या, पण अनेक गोदामांत त्या पावत्यांइतका माल नव्हता. हे एक्स्चेंज नेमके कोणाच्या अखत्यारीत, हाच घोळ होता. दोन वर्षांनी, २८ सप्टेंबर २०१५ रोजी, वायदेबाजार आयोग सेबीत विलीन झाला आणि शेअर आणि शेतमाल यांचा पहारा एकाच हाती आला.

म्हणूनच डिसेंबर २०२१ चा आदेश खटकतो. सोयाबीनच्या वायद्यात माल गायब असल्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न भावाचा होता. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांपर्यंत गेले होते आणि खाद्यतेलाच्या महागाईने सरकार हैराण होते. महागाई रोखणे हे सरकारचे काम आहे, गरीब ग्राहकाला तेल परवडले पाहिजे हेही खरे. पण वायदा बंद केल्याने भाव आवरतो का, याची परीक्षा आपल्याकडे आधीच झाली आहे. जानेवारी २००७ मध्ये तुरीचा वायदा बंद झाला. २०१५ मध्ये वायदा नसतानाच तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली, आणि २०१७ मध्ये भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली पडून मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांपुढे बारदान्याविना रांगा लागल्या. पुढचा भाव दिसत असता तर पेरणीचा निर्णय थोडा तरी सावरला असता. वायद्यांमुळे भाव वाढतात का, हे तपासायला केंद्राने नेमलेल्या अभिजित सेन समितीलाही २००८ मध्ये तसा ठोस पुरावा मिळाला नव्हता.

सोयाबीनचेही तसेच झाले. २०२२ च्या मध्यानंतर जगात भाव उतरत गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोत ते बुशेलला दहा डॉलरखाली आले. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, मोंढ्यात माल चार हजार-सव्वाचार हजाराने जात होता. केंद्राला खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के करावी लागली. ही घसरण वायदाबंदीने आणली असे म्हणणे चूक ठरेल, तिची कारणे जागतिक पुरवठ्यात आणि आयात धोरणात होती. पण घसरण येत असताना जून-जुलैमध्ये भाव बांधून ठेवण्याची सोय देशातल्या कोणाकडेच नव्हती, ही हानी बंदीची. जानेवारी २०२३ मध्ये शेतकऱ्यांनी सेबीच्या मुंबई कार्यालयासमोर आंदोलन केले ते याचसाठी. कापसाचा वायदाही २०२२ मध्ये भाव खंडीला लाखाच्या वर गेल्यावर काही महिने अडखळला. तो मात्र करार दुरुस्त करून २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. दुरुस्ती करून चालू ठेवण्याचा मार्ग असतो, हे त्यातून दिसले.

आता ज्या ठिकाणी पहारा कमी पडला तिकडे वळू. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या कारखान्यावर २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. आरोप असा की ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या योजनेखाली हजारो शेतकऱ्यांच्या नावे, त्यांच्या नकळत, बँकांतून ३२८ कोटी रुपयांचे कर्ज उचलले गेले. अनेकांना आपण कर्जदार आहोत हे कळले ते बँकेच्या नोटिसा घरी आल्यावर. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने २५५ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण कर्ज मंजूर करताना कर्जदार समोर बसला होता का, हा प्रश्न एकाही बँकेच्या शाखेत वेळेवर विचारला गेला नाही, हे नोटिसांवरून उघड आहे. आपल्या नावावर कोणती कर्जे आहेत, याचा अहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मागता येतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१७ पासून आहे, आणि तो गावोगाव सांगण्यासारखा आहे.

ठेवींची कहाणी आणखी दुखरी आहे. शेळ्या-गाईंच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या पुण्याच्या समृद्ध जीवनवर सेबीने नोव्हेंबर २०१३ मध्ये आदेश काढला. जमिनीच्या नावावर देशभरातून सुमारे ४९,१०० कोटी गोळा करणाऱ्या पीएसीएलवर २०१४ मध्ये कारवाई झाली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला परताव्यासाठी लोढा समिती नेमावी लागली. दोन्हींत खेड्यातला पैसा मोठा होता. मराठवाड्यात मग मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थांची लाट आली. मराठवाडाभर पसरलेल्या बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार २०२३ पासून पैशासाठी खेटे घालू लागले, २०२४ मध्ये अटका आणि जप्त्या झाल्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, जमीन विकून आलेले, निवृत्तीचे, असे पैसे त्यात होते. बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला तो नाही. दोघींच्या पाट्या मात्र ठेवीदाराला सारख्याच दिसतात.

आणि मोबाइलमधला बाजार. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार शेअरच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींमागे ९३ जणांनी २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा केला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. यातले ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे, म्हणजे परभणीसारख्या ठिकाणचे होते, आणि तिशीखालच्यांचा वाटा ४३ टक्क्यांवर गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने कराराचा आकार वाढवला, आठवड्याला संपणारे करार कमी केले. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले, १.०५ लाख कोटींच्या. इथे तिने बंदी घातली नाही, आकडे लोकांपुढे ठेवले आणि नियम घट्ट केले. ही रीत योग्य आहे. सोयाबीनला मात्र ती लावली गेली नाही.

मोंढ्याच्या जवळची, हाताशी असलेली साधने आज काय आहेत? राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने कर्ज मिळते. पडत्या भावात माल विकण्याची सक्ती यामुळे टळते. २००७ च्या वखार कायद्याने प्राधिकरण आले आणि २०१७ पासून गोदामाची पावती इलेक्ट्रॉनिक झाली. शेअरसाठी डीमॅटने जे केले ते धान्यासाठी ही पावती करू शकते, पण त्यासाठी नोंदणीकृत गोदाम सोनपेठ-पालमच्या अंतरावर हवे आणि बँकेने त्या पावतीवर न कुरकुरता कर्ज द्यायला हवे. शेतकरी कंपन्यांनी याच गोदामांतून वायद्याला माल दिला, तर एकट्या शेतकऱ्याला बंद असलेले दार गटाला उघडेल.

उरतो तो अंतराचा प्रश्न. सेबी आणि रिझर्व्ह बँक मुंबईत, मल्टिस्टेटचा केंद्रीय निबंधक दिल्लीत. बाजार समिती आणि स्थानिक पतसंस्था यांच्यावर देखरेख करणारा एकच अधिकारी परभणीत बसतो, तो म्हणजे जिल्हा उपनिबंधक. मल्टिस्टेटची शाखा त्याच्याच गावात असली तरी ती त्याच्या कक्षेत येत नाही. २०२३ मध्ये केंद्राने मल्टिस्टेट कायदा बदलून तक्रारींसाठी सहकार लोकपालाची तरतूद केली, पण मानवतच्या ठेवीदाराला तो गाठणे सोपे नाही. जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयाला जिल्ह्यातल्या मल्टिस्टेट शाखांचे लेखापरीक्षण अहवाल पाहण्याचा आणि वर कळवण्याचा अधिकार मिळाला, आणि प्रत्येक अशा शाखेच्या दर्शनी भागात ‘येथील ठेवीला विमा नाही’ हे मराठीत ठळक लिहिणे सक्तीचे झाले, तर पुढची संस्था अडचणीत येण्याआधीच ठेवीदार सावध होईल.